निरोप साबेराला, स्टुडिओला नव्हे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संस्थापक आदरणीय विरूपाक्षअप्पा. नांदेडहून भर उन्हात गाडी काढून आलेले, आमच्या नांदेड शाखेचे प्रमुख शेषेरावजी. जिच्यासाठी हा सगळा हार-तुऱ्यांचा घाट घातला ती साबेरा. पहिल्या रांगेत नवी टोपी घालून अवघडून बसलेले तिचे वडील, रेणापूरचे गवंडी पाशामियाँ. माझे सहकारी शिक्षक, कार्यालयातली मंडळी, पालकवर्ग, आणि मागच्या बाकांवर मोबाइल मांडीवर ठेवून मला तो दिसत नाही अशा समजुतीत बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या पुनमनं मला पाच मिनिटं दिली आहेत. चिठ्ठीवर पाचच्या आकड्याखाली दोन रेघाही ओढल्या आहेत. पुनम माझी जुनी विद्यार्थिनी. मी पाच मिनिटांत काही संपवलेलं तिनं कधी पाहिलंय का? नाही ना? मग बस खाली, बाळ.

मी हणमंतराव बिराजदार. एकतीस वर्षं या गावात फिजिक्स शिकवतो. माझा आवाज मोठा आहे आणि स्वभाव त्याहून वाईट आहे, हे इथं कुणाला सांगायला नको. निरोपाच्या भाषणात गोड बोलायचं असतं. तेही बोलेन. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आठ दिवसांपासून कार्यालयात कुजबुज चालू आहे की साबेरा चालली, आता तिच्यामागं आपला व्हिडिओ स्टुडिओही बंद होणार, आणि रेकॉर्डिंगचं काम बाहेरच्या कंपनीला देणार. स्टुडिओतली रुखसार आणि सत्यम तिकडं खांबापाशी उभे आहेत. दोघांनी ताटातला लाडू तसाच ठेवलाय. म्हणून सुरुवातीलाच सांगतो. आज निरोप साबेराला आहे. स्टुडिओला नाही. आणि हे अध्यक्षांच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय मी या माईकसमोरून हटणार नाही.

अप्पा, तुम्ही हसताय. हसा. मी गंभीर आहे.

साबेरा इथं आली ती प्रश्नपत्रिका टाइप करायला. त्या वेळी लातूरच्या गल्लीगल्लीत क्लास निघत होते. घराघरावर हॉस्टेलच्या पाट्या, मेसचे डबे, सायकलींची गर्दी. मुरुडपासून देगलूरपर्यंतची पोरं पेट्या घेऊन उतरायची. प्रश्नपत्रिकेतल्या आकृत्या काढता काढता ही पोरगी ॲनिमेशन शिकली, मग एडिटिंग शिकली. कुणी शिकवलं? कुणीच नाही. कार्यालयात सगळे डबा खात असायचे तेव्हा ही एका हातात भाकरी धरून दुसऱ्या हातानं माउस फिरवायची. पुढं अप्पांनी वरच्या मजल्यावरची एक खोली तिला दिली. त्या खोलीला आपण स्टुडिओ म्हणायला लागलो.

सन दोन हजार एकोणीसचा मे महिना. संचालक मंडळाच्या बैठकीत विषय निघाला की हैदराबादच्या क्लासचे व्हिडिओ बघा, सर हॉलमध्ये फिरतात, कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो आणि मधोमध अणू तरंगतो. आपल्याकडं काय? कॅमेरा खांबासारखा उभा आणि समोर हणमंतराव खडू झाडतायत. त्या बैठकीत एक टिप्पणी आली. सदर स्टुडिओ तीस जूनपासून बंद करावा, काम बाहेर द्यावं, तिघांना कमी करावं. खाली पहिली सही कुणाची होती? माझी. टिप्पणी लिहिलीही मीच. आज पहिल्यांदा हे चारचौघांत सांगतोय.

साबेराला हे कळलं तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. अप्पांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "अप्पा, एकवीस दिवस द्या. हलत्या कॅमेऱ्याचं एक लेक्चर करून दाखवते. नाही जमलं तर आम्ही तिघंही स्वतःहून जातो." अप्पा म्हणाले, "बाहेरचं महागडं सॉफ्टवेअर घेऊन देणार न्हाई बरं का." ती म्हणाली, "परवडेल तेच घेऊ."

आता पालकांसाठी थोडं थांबतो. कॅमेरा ट्रॅकिंग हे काय प्रकरण आहे? उदगीरच्या गाडीत खिडकीशी बसा. रस्त्याकडेचे खांब झपाझप मागं पळतात, लांबचं झाड सावकाश सरकतं. नुसतं ते सरकणं बघून गाडी कुठं वळली, किती पुढं गेली, हे गणितानं काढता येतं. हे सॉफ्टवेअर तेच करतं. चित्रातले न हलणारे ठिपके धरतं आणि कॅमेरा कुठून कुठं गेला ते उलटं शोधून काढतं. एकदा ते कळलं की संगणकात बनवलेली वस्तू त्या चित्रात नेऊन ठेवता येते, आणि कॅमेरा कितीही फिरला तरी ती जागची हलत नाही. निदान हलू नये.

बाजारात असली सॉफ्टवेअर पुष्कळ. शेषेरावजींनी नांदेडला सगळ्यात मोठं, दरवर्षी भाडं भरायचं, ते घेतलं होतं. शेषेरावजी, रागावू नका, पण ते आमच्या संगणकावर उघडेपर्यंत माझा चहा पिऊन, कप विसळून व्हायचा. एक गृहस्थ तर पेन ड्राइव्ह घेऊन आले, म्हणे "फुकट आहे, कुलूप तोडलेलं आहे, सगळं गाव वापरून राहिलंय." साबेरानं तो पेन ड्राइव्ह त्यांच्याच शर्टाच्या खिशात परत ठेवला. म्हणाली, "उद्या पोरांना कॉपी करू नका म्हणायचं आहे, भैया." एक खरोखरच फुकट मिळणारं, चांगलं, पण अवघड. आणि एक छोट्या कंपनीचं, एकदाच पैसे भरायचे, आपल्या एका विद्यार्थ्याच्या वर्षाच्या फीपेक्षा कमी, नेट गेलं तरी चालणारं.

कंपन्यांच्या जाहिरातीतले व्हिडिओ तिनं पाहिलेच नाहीत. म्हणायची, "त्यांच्या व्हिडिओत रिकामे रस्ते असतात सर. आपल्या हॉलमध्ये तीनशे पोरं असतात." सगळ्या सॉफ्टवेअरना तिनं आपल्याच हॉलचं एकच चित्रण दिलं. आणि काय झालं सांगू? मी वर्गात "लिहून घ्या" म्हणालो. म्हणताक्षणी तीनशे माना एकदम खाली. लातूरच्या पोरांना दुसरं काही येवो न येवो, हे येतंच. सॉफ्टवेअर बिचारं त्या डोक्यांनाच ठिपके समजून बसलेलं. त्याला वाटलं, कॅमेराच वर गेला. आणि चित्रात टेबलावर ठेवलेलं संगणकातलं घर थेट फरशीत घुसलं!

हसताय? आम्हीही हसलो. साबेरा हसली नाही.

त्या दिवशी पाशामियाँ तिचा डबा द्यायला आले होते. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "बेटी, आखणी करताना खुंटी भुसभुशीत मातीत ठोकतो का आपण? दोरी तिच्यासंगंच जाती की." झालं. साबेरानं त्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये पोरांच्या बाकांचा भाग झाकून टाकायची सोय शोधली आणि भिंती, खांब, खिडकीचे गज एवढंच त्याला बघायला लावलं. घर फरशीतून वर आलं.

पण आपल्या हॉलची भिंत म्हणजे कोरी. नुकता रंग दिलेला. कोऱ्या भिंतीवर सॉफ्टवेअरला धरायला काही नसतं. म्हणून तिनं काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या कागदी चिठ्ठ्या कापल्या आणि रुखसारला घेऊन शिडीवर चढून भिंतीवर लावल्या. चाळीसेक असतील. दुसऱ्या दिवशी शूटिंगला आले तर भिंत साफ. एकही चिठ्ठी नाही. सगळ्यांनी आपल्या शिपायाला, रेवणसिद्धला धरलं. तो शपथा घेऊन सांगत होता, "म्या न्हाई काढल्या हो, मला काय करायच्यात?" कुणी ऐकलं नाही. मीही त्याला चार शब्द सुनावले.

त्या चिठ्ठ्या मी काढल्या होत्या.

सकाळी साडेसहाचा माझा ज्यादा तास असायचा. तो घ्यायच्या आधी, एकट्यानं, स्टुलावर उभा राहून. स्वतःला सांगितलं की भिंत घाण दिसते. पण खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती. सत्तावीस वर्षं मी खडूनं अणू काढले होते. पोरांना ते दिसायचे, कारण मी हात असे फिरवायचो की त्यांना दिसावेतच. आता ही पोरगी खरोखरचा अणू हवेत उभा करणार. मग माझ्या हातांकडं कोण बघणार? तिचं जमू नये असं मला वाटत होतं. साठीला आलेल्या माणसाला हे शोभतं का? नाही शोभत. आज हे सांगताना मला लाज वाटतेय, आणि वाटायलाच पाहिजे.

चार दिवस वाया गेले. ती पुन्हा शिडीवर चढली. या वेळी पाशामियाँ मोजपट्टी घेऊन आले, दोन खांबांतलं अंतर, खिडकीची उंची, सगळं मोजून त्यांनी लेकीला लिहून दिलं. सॉफ्टवेअरलाही एक खरं माप लागतं, नाहीतर घर काड्यापेटीएवढं की देवळाएवढं ते त्याला कळत नाही.

लेक्चरचा विषय अप्पांनी ठरवला होता. भूकंपाच्या लहरी. या जिल्ह्यात तो विषय शिकवताना आवाज आपोआप खाली येतो. त्र्याण्णवला माझ्या पहिल्या बॅचमधली चार मुलं दिवाळीनंतर परत आलीच नाहीत. जी आली ती पत्र्याच्या शेडमधून आली. ठरलं असं की हॉलच्या जमिनीवर दगड-मातीचं एक घर उभं करायचं, कॅमेरा माझ्याबरोबर त्याच्याभोवती फिरवायचा, मग जमिनीखालून लहर येताना दाखवायची आणि जड माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, घर कसं कोसळतं ते समजवायचं.

शूटिंग झालं. मुदतीला पाच दिवस उरले होते. मला वर बोलावून साबेरानं दाखवलं. मी थक्क झालो, पण तोंडावर दाखवलं नाही. घर उभं होतं. मी त्याच्याभोवती फिरत होतो. मी म्हणालो, "ठीक आहे. द्या पाठवून."

ती म्हणाली, "सर, घर सरकून राहिलंय."

मला काही दिसेना. तिनं पडद्यावर उंबऱ्याच्या कोपऱ्याला चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला आणि हळूहळू चित्र पुढं नेलं. कोपरा पट्टीपासून केसाएवढा सुटला. मी म्हणालो, "अगं, एवढं कुणाला दिसणार? आणि नाहीतरी ते घर शेवटी पाडायचंच आहे ना?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. आजवर तिनं माझ्यापुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाली, "सर, मी सहा वर्षांची होते. अब्बा औसा तालुक्यात कामाला होते, आम्ही तिथंच राहायचो. भिंत पडायच्या आधी मला उंबरा सरकताना दिसला होता. माझी फुफू, अब्बांची बहीण, त्याच उंबऱ्यावर होती. ती राहिली नाही. हे लेक्चर बघायला ज्या गावांतली पोरं बसणार त्यांच्या घरीही असं कुणीतरी असणार. त्यांना ते दिसणार. तुम्ही हलवाल तेव्हाच ते घर हललं पाहिजे. त्याच्या आधी नाही."

मी खुर्ची ओढून तिच्या पडद्याजवळ घेतली. दहा वर्षं ही पोरगी माझ्या समोर होती, आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू कुठली, भूकंपात कुठं होतीस.

मग दोघांनी मिळून चूक शोधायला सुरुवात केली. मी गणितवाला माणूस, मला आकडे दिले तर मी मुकाट्यानं काम करतो. सुरुवातीला घर स्थिर. शेवटी स्थिर. मधल्या भागातच सरकतं. कुठं सरकतं? जिथं माझा आवाज चढतो तिथं. असं कसं? माझ्या आवाजानं घर सरकायला मी काय भूकंप आहे? सत्यमला बोलावलं. सत्यम आपला कॅमेरामन, पूर्वी लग्नाचं शूटिंग करायचा. "तू तिथं काय केलंस?" तर म्हणे, "कायच न्हाई सर." साबेरानं विचारलं, "अंगठा कुठं होता?" तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! नवरी निघाली, रडारड सुरू झाली की तोंडाकडं हळूच झूम करायचा, ही त्याची दहा वर्षांची सवय. मी त्या भूकंपाबद्दल गहिवरून बोलायला लागलो आणि याच्या अंगठ्यानं आपोआप झूम दाबला. जणू हणमंतराव सासरी निघाले! सॉफ्टवेअरला सांगितलेलं होतं की झूम बदलत नाही. त्याला वाटलं कॅमेराच पुढं सरकला, आणि त्यानं घर जागचं हलवलं.

सत्यम रडवेला झाला होता. साबेरा त्याला रागावली नाही. झूमच्या बटणावर औषधाच्या दुकानातली पांढरी पट्टी घट्ट चिकटवली आणि म्हणाली, "उद्या परत." मी म्हणालो, "उद्या मला नांदेडला तास आहेत." ती म्हणाली, "मग परवा. पण परत करायचंच." शेषेरावजी, दुसऱ्याच दिवशी तुमच्या पोरांना तीन तास वाट बघायला लावून मी शूटिंगसाठी लातुरातच थांबलो होतो. पोट बिघडलंय असा निरोप पाठवला होता. तो खोटा होता. याही गोष्टीची आज कबुली देऊन टाकतो.

विसाव्या दिवशी याच हॉलमध्ये ते लेक्चर संचालक आणि पालकांना दाखवलं. कॅमेरा घराभोवती फिरला. घर हललं नाही. मी पडद्यावर म्हणालो, "आता लहर येते आहे," आणि तेव्हाच ते हललं. आधी उंबरा, मग भिंत, मग माळवद. मागं एक आई उठून बाहेर गेली आणि थोड्या वेळानं परत येऊन पुन्हा बसली. दिवे लागल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "सध्या चालू ठेवा." सध्या!

दहा महिन्यांनी या हॉलला कुलूप लागलं. सगळ्या देशाला लागलं. गावातले कितीतरी क्लास बसले ते उठलेच नाहीत. आपण का उठलो? त्या वरच्या खोलीमुळं. रेणापूरच्या, उदगीरच्या पोरांनी झाडाखाली, गच्चीवर, जिथं रेंज मिळेल तिथं बसून फिजिक्स शिकलं ते तिथूनच. आणि गंमत बघा, पोरं माझ्या हातांकडं अजूनही बघतात. अणूही बघतात आणि हातही बघतात. मी उगाच घाबरलो होतो.

आता साबेरा हैदराबादला एका मोठ्या स्टुडिओत चालली आहे, चित्रपटांचं काम करायला. तिकडं तिला हवं ते सॉफ्टवेअर मिळेल. मला आनंद आहे आणि वाईटही वाटतंय, दोन्ही अगदी खरं.

परवा मी तिला विचारलं, "तेव्हा तू ते अवघड फुकटचं का नाही घेतलंस? आठवड्यात तुला ते येत होतं. चार पैसे वाचले असते." ती म्हणाली, "मला येत होतं, सर. रुखसारला आणि सत्यमला यायला दिवाळी उजाडली असती. मी उद्या नसले तर स्टुडिओ थांबला असता. म्हणून जे तिघांनाही येईल ते घेतलं."

अप्पा, ऐकलंत ना? आपण तिच्या खोलीला कुलूप लावायला निघालो होतो, तेव्हा ती पोरगी स्वतः गेल्यावर खोली कशी चालेल याचा हिशेब करून वस्तू निवडत होती. गेले आठ महिने निम्मं ट्रॅकिंग एकटी रुखसार करते. माझं मागचं लेक्चर तिनंच केलं. कुणाला फरक कळला? मला नाही कळला, आणि मी चुका काढण्यासाठी गावात प्रसिद्ध आहे.

कार्यालयाच्या फायलीत माझ्या सहीची ती टिप्पणी अजून तशीच आहे. "सध्या चालू ठेवा" म्हटल्यामुळं ती कधी रद्द झाली नाही. दर जूनला कुणीतरी ती वर काढतं. आज मी, हणमंतराव बिराजदार, ती या सभेसमोर मागं घेतो. अप्पा, तुम्ही अध्यक्ष आहात, वडीलधारे आहात, तुम्हाला बोलायचं नसेल तर बोलू नका. फक्त मान हलवा. पण नीट हलवा, खांबापाशी उभ्या असलेल्यांना दिसली पाहिजे.

तोपर्यंत मी आभार मानतो. पाशामियाँ, तुमची लेक तुम्ही आम्हाला दिलीत आणि खुंटी कुठं ठोकायची तेही शिकवलंत, तुमचे उपकार मोठे आहेत. शेषेरावजी, आलात, बरं वाटलं. पुनम, पंचवीस मिनिटं झाली, माहीत आहे मला.

बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा असावी, असं शेवटी म्हणायचं असतं. माझं काय चुकलं ते मला नेमकं माहीत आहे, म्हणून नाव घेऊन मागतो. रेवणसिद्ध, चार वर्षं तू माझ्या वाटचं ऐकून घेतलंस. मला माफ कर. साबेरा, तुझ्या चिठ्ठ्या मी काढल्या, तुझ्याविरुद्ध सही मी केली. तुझ्या वडिलांसमोर माफी मागतो. देणं न देणं तुझ्यावर आहे.

थांबा. अप्पांनी मान हलवली. दोनदा हलवली. सगळ्यांनी पाहिलं ना?

रुखसार, तो लाडू खा आता. उद्या सकाळी नऊ वाजता माझं लेक्चर तू रेकॉर्ड करणार आहेस, आणि मी वेळेवर येणार आहे. धन्यवाद.